केशवराव भोसले नाट्यगृह: पद माईकशिवाय ऐकू यावं की नको?

निपाणीकर
८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी गायक नट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं हे पॅलेस थिएटर आपल्या सीमाभागालाही परकं नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, आणि केशवरावांची ललितकलादर्श नाटक मंडळी १९०८ मध्ये हुबळीत निघाली. परत बांधताना दगडी दर्शनी बाजू जुनीच हवी, त्यावर वाद नसावा. माझं म्हणणं आतल्या आवाजाचं आहे. हे थिएटर बांधलं तेव्हा ध्वनिवर्धक नव्हते. शेवटच्या रांगेत नुसत्या गळ्यातून निघालेलं पद पोचेल, अशीच मापं धरा. गालिचा, एसी, फॉल्स सीलिंग यांचं नंतर बघता येईल.

शहापूरचा साउंडवाला
साफ विरोध. संगीत नाटकं वर्षात किती लागतात? बाकीच्या तारखा ऑर्केस्ट्रा, गॅदरिंग आणि भाषणांच्याच असतात. त्यांना घुमणारा हॉल चालत नाही. आवाज विरायला १ सेकंदाच्या वर वेळ गेला की स्पीकरवरचा शब्द दुसऱ्या शब्दावर चढतो, मग ऑपरेटर व्हॉल्यूम वाढवतो आणि शिट्टी सुरू होते.

निपाणीकर
मला आवाज विरायला १.२ सेकंद हवेत, देवळाचा गाभारा नव्हे. हिशेब बघा की. समजा ७०० खुर्च्या आणि खुर्चीमागे ५ घनमीटर, म्हणजे ३,५०० घनमीटर. त्याला सूत्रातल्या ०.१६१ ने गुणून १.२ ने भागलं की आवाजाचं लागणारं शोषण येतं ४७० चौरस मीटर. भरलेली खुर्ची साधारण ०.४५ चौरस मीटर शोषते, म्हणजे ३१५ प्रेक्षकच घेतात. भिंती, पडदे, छत यांना उरले १५५. त्यात ३०० चौरस मीटर जाड गालिचा टाकलात तर शंभर तरी वाढतात आणि हॉल १ सेकंदावर येतो. एकदा कोरडा, म्हणजे न घुमणारा, केलेला हॉल माईकनं ओला होत नाही. घुमणारा हॉल मात्र ऑर्केस्ट्राच्या दिवशी बाजूच्या भिंतींवर जाड पडदे सोडून कोरडा करता येतो. ते पडदे गुंडाळायची सोय आत्ताच नकाशात हवी.

शहापूरचा साउंडवाला
पडद्यांचं पटलं. पण जुन्यासारख्या हव्यात म्हणून लाकडी खुर्च्या मागू नका. रिकाम्या लाकडी खुर्च्या जवळजवळ काहीच शोषत नाहीत. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये लावलेलं सेटिंग रात्री भरल्या हॉलमध्ये खोटं ठरतं. बैठकीला गादी आणि पाठीला पातळ गादी असली की रिकामा आणि भरलेला हॉल जवळजवळ सारखा वागतो. आणि एसी हवाच. माईकशिवाय गायचं तर आधी पंखे बंद करावे लागतात. डक्ट रुंद ठेवून जाळीपाशी हवेचा वेग सेकंदाला २ मीटरच्या आत राखला तर एसी पंख्यापेक्षा शांत चालतो.

चिकोडी तबला
एसी लावा, पण झोत वाद्यांवर नको. कोरड्या गार हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणून सूर चढतो, तंबोऱ्याच्या तारा वेगळ्याच सरकतात, आणि ऑर्गन तर मधे लावताच येत नाही. नाटकाच्या २ तास आधी रंगमंच त्याच तापमानावर आणून वाद्यं तिथंच ठेवायची. दमट पावसाळ्यात तर हे हवंच, कारण तेव्हा पुडी सैल पडते.

खानापूर वायरमन
आवाजावर भांडताय, पण आधी परत जळू नये हे बघा. एक हजार वॅटचे ४ दिवे म्हणजे १७ अँपिअर. ते १६ अँपिअरच्या लाइनवर टाकले की स्विच पडतो, आणि पडू नये म्हणून कुणीतरी मोठा बसवतो. वायर मात्र तीच राहते. प्रत्येक दिव्याला वेगळी लाइन, नाहीतर सरळ एलईडी. रंगमंचावर धूर निघायला छतात झडपा हव्यात, मजल्याच्या क्षेत्रफळाच्या ५ टक्के तरी. १२ बाय १० मीटरच्या रंगमंचाला ६ चौरस मीटर. त्या नसल्या तर धूर आणि आग प्रेक्षकांकडेच वळते. प्रेक्षागृहाच्या तोंडाशी लोखंडी पडदा हवा.

निपाणीकर
पूर्ण मान्य. सुती पडद्यांनाही २ लिटर पाण्यात २०० ग्रॅम टाकणखार आणि ८५ ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून भिजवून वाळवावं. धुतलं की ते निघून जातं, दर धुण्यानंतर परत करायचं.

शहापूरचा साउंडवाला
हे सगळं धरून १.२ वर मी तयार आहे, पण दोन अटींवर. बाजूचे पडदे टेंडरमध्येच लिहा, नंतरच्या निधीवर सोडू नका. आणि छत बसल्यावर, खुर्च्या लावायच्या आधी आवाज किती वेळात विरतो याची एकदा मोजणी करा. फुगा फोडून रेकॉर्ड केलं तरी अंदाज येतो, आणि त्या वेळी भिंतीचं पॅनेल बदलणं स्वस्त पडतं.