कूलरच्या दिवसांत आणि पावसाळ्यात वेल्डिंग रॉड कोरडे कसे ठेवावेत?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)

नमस्कार. आमच्या घरामागे टिनपत्र्यांची एक खोली आहे आणि तिथे मी सुटीच्या दिवशी घरापुरते वेल्डिंगचे काम करतो. माझ्याकडे २०० अँपिअरचे इन्व्हर्टर मशीन आहे. रॉड (लेप दिलेली तार, जी वितळून जोड भरते) बहुतेक ६०१३ या क्रमांकाच्या प्रकारचे, बारा नंबर आणि दहा नंबर, म्हणजे २.५ आणि ३.१५ मिलिमीटरचे असतात. याशिवाय काटोलजवळच्या शेतावरील संत्र्याच्या ट्रॉलीचा हूक जोडण्यासाठी मागच्या हिवाळ्यापूर्वीच्या हिवाळ्यात इतवारीतून ७०१८ चे एक पाकीट आणले होते, त्यातील निम्मे रॉड अजून शिल्लक आहेत.

गेल्या आठवड्यात फाटकाची बिजागरी जोडताना रॉड फडफडू लागला, ठिणग्या नेहमीपेक्षा जास्त उडाल्या आणि स्लॅग (जोडावर जमणारा लेपाचा कडक थर) काढल्यावर जोडात बारीक छिद्रे दिसली. पाकिटे तपासली तेव्हा दोन्ही प्रकारच्या काही रॉडवर पांढरी भुकटी आढळली. पावसाळ्यात असे झाले असते तर मी समजू शकलो असतो, परंतु सध्या मे महिना आहे आणि अंगणात घातलेले कपडे अर्ध्या तासात वाळत आहेत. खोलीत दुपारी थांबणे अशक्य होत असल्यामुळे खिडकीत कूलर बसवला आहे आणि त्याच्या समोरच्या फळीवर रॉड, कटिंगच्या चकत्या, चिपिंग हातोडी, वायरब्रश असे सारे सामान ठेवलेले असते. भंगारातून आणलेल्या फ्रीजमध्ये बल्ब लावून त्यात रॉड ठेवावेत का, आणि घरातील ओव्हनमध्ये ते भाजले तर चालतील का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (आयटीआयमधील निवृत्त शिल्पनिदेशक)

आपल्या दोन्ही प्रकारच्या रॉडना एकच उपाय लावू नये, हे मी सर्वप्रथम सांगू इच्छितो. आतील तार जवळजवळ सारखीच असते. फरक वरच्या लेपात असतो आणि ओल्याशी संबंध लेपाचाच येतो. हा लेप सोडियम किंवा पोटॅशियम सिलिकेटने बांधलेला असतो. तो हवेतील बाष्प शोषून घेतो आणि पुढे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन पृष्ठभागावर कार्बोनेटची पांढरी भुकटी येते. म्हणून ही भुकटी आठवड्याभरात तयार झालेली नसावी. आपल्या पाकिटांनी मागचा पावसाळा उघड्यावर काढला असावा, असा माझा अंदाज आहे.

६०१३ चा लेप रुटाइलचा (टायटॅनियमच्या खनिजाचा) असतो आणि तो थोडा ओलावा सहन करतो. हे रॉड दमट झाल्यास १०० ते ११० अंश सेल्सिअसवर सुमारे तासभर ठेवले की पुन्हा वापरता येतात. याउलट ६०१० आणि ६०११ या सेल्युलोज लेपाच्या रॉडना थोडा ओलावा आवश्यकच असतो आणि ते भाजले तर बिघडतात. पुढे कधी आणलेत तर त्यांना भट्टी दाखवू नये.

खरी काळजी ७०१८ ची घ्यावी लागते. शेवटचा ८ हा अंक कमी हायड्रोजनच्या लेपाची खूण आहे. लेपातील पाण्याची आर्कच्या (रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीच्या) उष्णतेत फोड होते, हायड्रोजन वितळलेल्या लोखंडात मिसळतो आणि जोड थंड झाल्यावर शेजारच्या कठीण झालेल्या भागात साचतो. त्यातून पडणारी भेग कधी कधी एक-दोन दिवसांनी उघडते, म्हणजे स्लॅग झाडून आपण समाधानाने घरी गेल्यानंतर. पातळ ग्रिलच्या पट्टीत हा धोका फारसा नसतो. जाड आणि ओढ सोसणाऱ्या भागात तो मोठा असतो. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या डी १.१ या संहितेनुसार ७०१८ चे बंद पाकीट उघडल्यावर रॉड किमान १२० अंशांच्या भट्टीत ठेवावे लागतात, बाहेर काढलेले साधे ७०१८ चार तासांपेक्षा जास्त उघडे राहू द्यायचे नसतात, आणि भाजायचे झाल्यास २६० ते ४३० अंशांवर किमान दोन तास भाजावे लागतात, तेही एकदाच. पाण्याने प्रत्यक्ष भिजलेले रॉड वापरूच नयेत, असेही ती सांगते. पाकिटावर उत्पादकाने तापमान छापले असेल तर ते पाळावे.

घरगुती ओव्हन साधारणपणे २५० अंशांच्या आसपास थांबतो, म्हणून ७०१८ भाजण्यासाठी तो अपुरा आहे. ६०१३ सुकवण्यास तो पुरेसा आहे, मात्र एकदा त्यात रॉड ठेवले की पुन्हा त्यात खाण्याचा पदार्थ ठेवू नये. रॉड मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर वाळवण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. त्याने वरवरची ओल जाते, लेपात मुरलेली जात नाही. तसेच रॉड मुद्दाम चिकटवून, विजेच्या प्रवाहाने लाल करून वाळवण्याची जी सवय असते, ती सोडावी. त्यामुळे लेपाला तडे जातात.

उत्तर २ (हिंगणा मार्गावर फॅब्रिकेशनचे काम करणारा)

सरांनी रॉडचे सांगितले, मी जागेचे सांगतो. आपला प्रश्न मे महिन्यात का उद्भवला, याचे उत्तर आपण स्वतःच लिहिले आहे: कूलर. कूलर ओल्या गवताच्या किंवा हनीकोम्बच्या पॅडमधून हवा ओढतो आणि प्रत्येक क्षणी खोलीत बाष्प सोडतो. समोरचे दार किंवा खिडकी उघडी नसेल तर ते बाष्प बाहेर जात नाही. नागपुरात उन्हाळा कोरडा असतो, हे अंगणापुरते खरे आहे. कूलर लावलेल्या बंद खोलीत श्रावणासारखी हवा असते. माझ्या शेडमध्येही पहिली काही वर्षे हेच होत होते आणि मी दोष रॉडना देत होतो. फळी कूलरच्या झोतातून हटवा आणि हवा बाहेर जाण्यास विरुद्ध बाजूला वाट ठेवा.

ठेवण्यासाठी मी ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप वापरतो. आपले रॉड ३५० मिलिमीटर लांबीचे असतील तर ४०० मिलिमीटरचा तुकडा कापावा, एका तोंडाला पाइप चिकटवायचे सोल्युशन लावून टोपी कायमची बसवावी आणि दुसऱ्या तोंडाला रबरी रिंग असलेले आट्यांचे झाकण लावावे. आत कापडी पुरचुंडीत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवावे. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले, की ते पुन्हा तापवून घ्यावे. एका पाइपात एकच प्रकार आणि एकच जाडी, हा नियम मी कधीही मोडत नाही, कारण सुटा झालेला रॉड कोणता हे लेपावरील पुसट छपाईवरून ओळखण्यात नेहमी चूक होते. पाकिटावरील प्रकार, माप आणि बॅच क्रमांक असलेला भाग कापून पाइपावर चिकटवावा आणि शेजारी उघडल्याची तारीख लिहावी. भट्टीतून काढलेले गरम रॉड मात्र पीव्हीसीत घालू नयेत, पाइप मऊ पडतो. त्यांना पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा योग्य ठरतो. पाइप आडवे, जमिनीपासून फूटभर वर आणि भिंतीला न टेकवता ठेवावेत, कारण पावसाळ्यात ओल भिंतीतूनच येते. कामाला बसताना अर्ध्या तासाला पुरतील एवढेच रॉड बाहेर काढावेत.

उत्तर ३ (विद्युत देखभाल, बुटीबोरी)

बल्बच्या फ्रीजबद्दल. हवेचे तापमान दहा-अकरा अंशांनी वाढले की तिची सापेक्ष आर्द्रता जवळजवळ निम्मी होते, म्हणून उबदार पेटीत ६०१३ चांगले राहतात. परंतु फ्रीजच्या आतील प्लास्टिक आणि फोम ज्वलनशील असतात. बल्बचे होल्डर चिनी मातीचे असावे, ते धातूच्या पत्र्यावर बसवावे, बल्बभोवती जाळी असावी आणि फ्रीजची जुनी वायरिंग पूर्णपणे काढून टाकावी. दार आतून ढकलून उघडेल अशी व्यवस्था करावी, नाहीतर कडी काढून टाकावी. घरात लहान मुले असतील तर याबाबत अजिबात तडजोड करू नये. त्या पेटीत थिनर, रंग किंवा स्प्रेचे डबे ठेवू नयेत.

कटिंग आणि ग्राइंडिंगच्या चकत्यांनाही ओल बाधते, कारण त्यातील कण धरून ठेवणाऱ्या रेझिनची पकड सैल होते. त्या सपाट, कोरड्या जागी ठेवाव्यात आणि मधल्या धातूच्या कडीवर मुदत छापलेली असल्यास ती उलटून गेलेली चकती फिरवू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी लहान आर्द्रतामापक आणून पाहिला. कूलर बंद असताना तो २४ टक्के दाखवत होता आणि दार लावून तासभर कूलर चालवल्यावर ७१ टक्के. फळी आजच हलवली आहे आणि पाइप आणण्यास उद्या जातो. आता फक्त ७०१८ च्या त्या निम्म्या पाकिटाविषयी सांगावे. ट्रॉलीच्या हुकाला आणखी एक पट्टी जोडायची आहे. पाकीट एखाद्या भट्टी असलेल्या कारखान्यातून भाजून आणले तर वापरता येईल का?

उत्तर १ (पुन्हा)

भुकटी आलेले रॉड त्या हुकासाठी वापरू नयेत, भाजूनही नाही. भरलेली ट्रॉली रस्त्यावर त्या एका जोडावर ओढली जाते. भंगार पट्टीवर हात बसवण्यासाठी ते उपयोगी पडतील. त्यांना लाल रंगाचा पट्टा मारून वेगळे ठेवा, म्हणजे घाईत हाती येणार नाहीत. हुकासाठी हवाबंद छोटे पाकीट घ्या आणि ते उघडाल त्याच दिवशी काम उरका.

जुना जोड मात्र आधी तपासा. पाकीट उघडल्या दिवशीच तो केला असेल तर काळजीचे कारण कमी आहे, तरीही डाय पेनेट्रंटचे (भेगेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाचे) तीन स्प्रे मिळतात ते आणावेत. आधी क्लीनरने जोड स्वच्छ करून लाल रंग फवारावा, सुमारे दहा मिनिटांनी तो क्लीनरने ओल्या केलेल्या कापडाने पुसावा आणि त्यावर पांढरा डेव्हलपर मारावा. जोडाच्या कडेला, जिथे वेल्ड संपून मूळ पोलाद सुरू होते तिथे, लाल रेघ उमटली तर तो जोड ग्राइंडरने पूर्ण काढून नव्याने भरावा, आणि तोवर ट्रॉली शेतातच उभी ठेवावी.