या वैशाखात काय ऐकता आहात? खानदेशातील रसिकांचे अनुभव

जळगाव

सर्वश्रेष्ठ गायक कोण, हा वाद या वेळी नको. गेल्या महिना-पंधरा दिवसांत कोणते ध्वनिमुद्रण आपल्याकडे पुन्हा पुन्हा लागते, ते कोणत्या वेळी ऐकले जाते आणि दहाव्यांदा ऐकताना पहिल्यापेक्षा वेगळे काय कानांवर येते, एवढेच लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करतो.

माझ्याकडे सध्या उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा लागतो. पारा ४४ अंशांवर जाऊन आलेला असतो, गच्चीवर पाणी मारले तरी फरशीची धग पायांना जाणवत असते, आणि दिवेलागणीच्या त्या वेळी 'पिया मोरे अनत देस' सुरू होते. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल आहे आणि मध्यम तीव्र. शिवाय गायक षड्जावर, म्हणजे 'सा'वर, फारसा विसावत नाही. तानपुऱ्यावर षड्ज अखंड वाजत असतो, खाँसाहेब आता तेथे पोहोचणार असे दर वेळी वाटते, आणि ते धैवतावरून किंवा रिषभावरून अलगद दुसरीकडे वळतात. झुमरा तालाच्या १४ मात्रा इतक्या सावकाश चालतात, की सुरुवातीला मला हे गाणे जागचे हलतच नाही असे वाटत असे. आता ते फार लवकर संपते, अशी माझी तक्रार आहे.

भुसावळ, निवृत्त रेल्वे कर्मचारी

आमचे ऐकणे आकाशवाणीवर पोसले. शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम रात्रपाळीमुळे अर्धा बुडत असे, त्यामुळे कित्येक रागांचे मला केवळ पूर्वार्ध ठाऊक होते. ती उधारी आता निवृत्तीनंतर फेडतो आहे.

सध्या मल्लिकार्जुन मन्सूर यांचा बसंती केदार ऐकतो, बंदिश 'अतर सुगंध'. बसंत आणि केदार यांचा हा जोडराग जयपूर घराण्याच्या खास ठेवणीतला आहे, आणि अण्णांना, म्हणजे मन्सूरांना, ती विद्या या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांच्या दोन पुत्रांकडून, आधी मंजी खाँ आणि पुढे भुर्जी खाँ यांच्याकडून, मिळाली. जोडराग ऐकताना हा तुकडा याचा, तो तुकडा त्याचा अशी वाटणी करत बसण्याची मला खोड होती. रूळ बदलताना गाडीचा खडखडाट होतो, तसा काहीतरी आवाज येथेही व्हावा अशी जणू माझी अपेक्षा असे. पण अण्णा केदाराच्या मध्यमावरून निघून बसंताच्या तार षड्जाला भिडतात आणि सांधा मात्र सापडत नाही. विसाव्यांदा ऐकूनही मला तो सापडलेला नाही.

शहादा, शिक्षिका

माझे ऐकणे रागसंगीतात बसते का, याची मला शंका आहे, तरी लिहिते. कुमार गंधर्वांनी गायिलेली माळव्याची लोकगीते मी आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, ऐकते आहे. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी आमच्याकडे निंबाला झोका बांधून जी गाणी म्हणतात, ती चार-पाच सुरांतच फिरतात. झोका पुढे जाताना ओळ चढते आणि मागे येताना उतरते. मी लहानपणी ती म्हटली आहेत, पण त्यात 'संगीत' आहे असे कोणी सांगितले नव्हते, आणि गाण्याच्या क्लासमध्ये तर ती म्हणायची सोयच नव्हती.

कुमारजी क्षयाच्या आजारामुळे १९४८ साली देवासला राहायला गेले. गाणे बंद असताना, अंथरुणावर पडल्या पडल्या, त्यांच्या कानांवर तेथील बायकांची गाणी पडत. त्यांतून त्यांनी पुढे मालवती, संजारी यांसारखे धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग घडवले. आमच्या आणि माळव्याच्या मध्ये सातपुडा आहे, नर्मदा आहे, विंध्य आहे, तरीही त्यांच्या एका गीतातील उतरती ओळ ऐकून माझ्या आईने स्वयंपाकघरातून विचारले, "हाई आपलंच शे ना?" तिचे बरोबर की चूक, हे मी ठरवू शकत नाही. मात्र त्या दिवसापासून ती माझ्यासोबत ऐकायला बसते.

धुळे, गृहिणी

केसरबाई केरकर, भैरवी, 'जात कहाँ हो'. भैरवी बैठकीच्या शेवटी गातात हे मान्य, पण तिची वेळ सकाळची आहे, आणि मी ती सकाळी कळण्याच्या भाकरी थापताना लावते. साडेतीन मिनिटांत सगळे आटोपते. जुन्या तबकडीला वेळच तेवढा होता, त्यामुळे बाईंनी एकही सूर रेंगाळू दिलेला नाही. हल्लीच्या काही लांबलचक मैफली ऐकताना मला या शिस्तीची फार आठवण येते.

१९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यात भारतातून गेलेले हे एकमेव गाणे आहे. नातवाला हे सांगितले, तर तो म्हणाला, "आजी, पण तिकडे ऐकायला कोण आहे?" माझा हात पिठात होता, तव्यावर भाकरी होती. तेवढ्यात गाणे संपले.

यावल, केळी उत्पादक

जळगावच्या भाऊंना सुचवतो, की मारव्याची ती तबकडी उलटावी. मागच्या बाजूला खाँसाहेबांचाच दरबारी आहे. आमच्याकडे शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्री येते, म्हणून मोटार सुरू करून ठिबकचा फिल्टर धुतला की बांधावर बसून मी तो ऐकतो. दरबारीचा कोमल गंधार एका जागी स्थिर नसतो, तो डुलतो. केळीच्या बागेत रात्री एकटे असताना हे जितके स्पष्ट कळते, तितके घरी पंख्याखाली कळत नाही.

अमळनेर, विद्यार्थी

मला विलंबित, म्हणजे संथ लयीतले गाणे, जमत नाही, हे आधीच कबूल करतो. जळगावला जानेवारीत होणाऱ्या बालगंधर्व संगीत महोत्सवाला मित्रासोबत गेलो होतो, तेथेही मी द्रुताची, म्हणजे जलद लयीतल्या गाण्याची, वाट पाहत होतो. सध्या किशोरी आमोणकरांच्या भूपातील 'सहेला रे' ऐकतो आणि त्याआधीचे 'प्रथम सूर साधे' पुढे ढकलतो.

भुसावळ

त्यात लाजण्यासारखे काही नाही. आधी द्रुत पाठ होऊ द्यावे आणि मग मागे जाऊन विलंबित ऐकावे, म्हणजे ओळखीची माणसे भेटत जातात. तसेच मारवा, पूरिया आणि सोहनी सलग ऐकून पाहावेत. तिघांचे सूर तेच आहेत. पण पूरिया खालच्या सप्तकात गंधार-निषादाला धरून राहतो, तर सोहनी वरच्या षड्जाभोवती झगमगते.

अमळनेर

आप्पा, काल 'प्रथम सूर साधे' लावले. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चार वेळा चुकली, पाचव्या वेळी सापडली. सोहनीपर्यंत अजून पोहोचलो नाही.