मदत हवी आहे: दाजींनी शून्य पगार दाखवून रिटर्न भरलाय, आयआरएसचं (अमेरिकेच्या करखात्याचं) पत्र आलंय

साताराकर_ह्यूस्टन:
नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या ताईच्या घरातला आहे. दाजी माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे, मला इकडे आणलं तेही त्यांनीच, म्हणून त्यांच्यापुढे बोलायला जीभ रेटत नाही.

गेल्या वर्षी दाजी एका ऑनलाइन वर्गात बसायला लागले. पगार म्हणजे उत्पन्न नाही, श्रम दिले आणि तेवढ्याच किमतीचे पैसे घेतले, मग नफा कुठे झाला, असं तिथे शिकवतात. यंदा त्यांनी १०४० वर, म्हणजे आयकर रिटर्नच्या फॉर्मवर, पगार शून्य लिहिला आणि वर्षभर कापलेला सगळा कर परत मागितला. रिटर्न जोडीचा आहे. ताईने न वाचता सही केली.

आता पत्र आलंय: ३० दिवसांत दुरुस्त रिटर्न पाठवा, नाहीतर ५,००० डॉलर दंड. त्यातले १२ दिवस गेले. दाजी म्हणतात, "कोर्टात जाऊ. आयकराची १६वी घटनादुरुस्ती नीट मंजूरच झालेली नाही. आणि सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की कर ऐच्छिक आहे." ते वाक्य त्यांनी मला दाखवलं, खरंच तसं छापलेलं आहे. मला उत्तर देता आलं नाही. ताई रात्ररात्र झोपत नाही. काय करू?

करनीस:
मी टेक्सासमध्येच लोकांचे रिटर्न भरतो. आधी कामाचं: मुदतीत खरे आकडे घालून रिटर्न गेला तर या पत्रातला दंड लागत नाही. उरलेले १८ दिवस वादात घालवू नका.

ते 'ऐच्छिक'चं वाक्य फ्लोरा खटल्यातलं आहे, १९६० चं. दाजींना निकाल शेवटपर्यंत वाचायला सांगा. करदात्याने आपला हिशोब आपण करून भरायचा, सरकारने आधी जप्ती घेऊन दारात यायचं नाही, एवढाच 'ऐच्छिक'चा अर्थ. आणि त्या खटल्यात कोर्टाने ठरवलं काय? जिल्हा न्यायालयात परताव्याचा दावा लावायचा असेल तर आधी आकारलेला कर पूर्ण भरा! असल्या वर्गांत अर्धं वाक्य उचलून देतात आणि निकाल झाकून ठेवतात. माझ्याकडे आलेली अशी माणसं शिकलेली होती, लबाड नव्हती, म्हणून मला याचा फार राग येतो.

पगाराचं म्हणाल तर कायद्याच्या कलम ६१ मध्ये सेवेचा मोबदला उत्पन्नात स्पष्ट शब्दांत धरलाय. जमीन विकताना खरेदीची किंमत वजा होते, कारण ती खिशातून गेलेली असते. स्वतःचे श्रम आपण कुणाकडून विकत घेतलेले नसतात, म्हणून वजा करायला काही उरत नाही.

घटनादुरुस्ती १९१३ मध्ये परराष्ट्रमंत्री नॉक्स यांनी मंजूर म्हणून जाहीर केली. राज्यांच्या ठरावांतल्या स्वल्पविरामांवरून आणि स्पेलिंगवरून लोकांनी खटले लढवले, कोर्टांनी ते फेटाळले. शिवाय कर बसवायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, मूळ घटनेतच होता. दुरुस्तीने लोकसंख्येप्रमाणे राज्यांत कर वाटून देण्याची अट तेवढी काढली. सुप्रीम कोर्टाच्या ब्रशेबर निकालात, १९१६ मध्ये, हेच आहे.

कोर्टात जायची भाषा तर नकोच. टॅक्स कोर्टात असले मुद्दे रेटले तर न्यायाधीश वेगळा २५,००० डॉलरपर्यंत दंड करू शकतात. टेक्सास ज्या पाचव्या सर्किटमध्ये (अपील न्यायालयाच्या विभागात) येतं, त्याच अपील न्यायालयाने १९८४ च्या क्रेन खटल्यात सांगून टाकलं की या मुद्द्यांना गंभीर उत्तर देत बसलो तर त्यांत काही तथ्य आहे असं वाटेल. कोर्ट ऐकूनच घेत नाही असं जे दाजींना सांगितलं असेल, त्याचं मूळ इथे आहे. हे मुद्दे आधी अनेकदा ऐकून निकालात निघालेत.

माई_डॅलस:
तुमच्या ताईंकडे ग्रीन कार्ड आहे का? या वर्गांत पुढचा धडा 'मी इथला अनिवासी आहे' असं लिहून द्यायचा असतो. तेवढं हात जोडून थांबवा. कर टाळायला स्वतःला अनिवासी म्हटलं तर कायम वास्तव्य तुम्हीच सोडलं असं धरलं जाऊ शकतं, आणि नागरिकत्वाच्या अर्जात हा प्रश्न सरळ विचारतात.

साताराकर_ह्यूस्टन:
दोघांकडेही ग्रीन कार्ड आहे, माई. तो धडा पुढच्या महिन्यात होता.

काल रात्री गेलो होतो. मी काही बोललो नाही, फ्लोराचा निकाल छापून नेला आणि दाजींपुढे ठेवला. त्यांनी तासभर वाचला. नंतर विचारलं, "करचुकवेगिरीच्या खटल्यात चीक नावाच्या वैमानिकाला सुप्रीम कोर्टात यश आलं होतं ना?"

करनीस:
१९९१ मध्ये खटला फेरसुनावणीला परत गेला, इतकंच. कायदा खरोखर समजला नसेल तर मुद्दाम केलं असं म्हणता येत नाही, हे कोर्टाने मानलं. पण कायदाच घटनाबाह्य आहे ही समजूत बचाव होत नाही, हेही त्याच निकालात आहे. फेरसुनावणीत चीक दोषी ठरला. आणि दाजींच्या हातात आता लेखी पत्र आहे, माहीत नव्हतं असं म्हणणं कठीण. डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि ते पत्र घेऊन दोघांना सोबतच बसवा. जोडीच्या रिटर्नमध्ये कराची पूर्ण जबाबदारी दोघांवरही असते, ताईंनी या वेळी प्रत्येक ओळ वाचूनच सही करावी.

साताराकर_ह्यूस्टन:
शनिवारी सकाळी बसतोय. डब्ल्यू-२ ताईने शोधून ठेवलेत. दाजी 'हो' म्हणाले नाहीत, पण वर्गाचे पुढचे पैसे भरलेले नाहीत.