‘नाव लागलं’ म्हणजे नेमकं काय झालं? (वारस, वारसदार, नॉमिनी)

नौपाडा, ठाणे

वडिलांना जाऊन चार महिने झाले. परवा सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. म्हणाले, "आईंचं नाव लागलं, आता चिंता नको." त्याच आठवड्यात बँकेत विचारलं, "वारस दाखला आणलाय का?" मुरबाडकडे थोडी जमीन आहे. तिथले तलाठी म्हणाले, "आधी वारस नोंद करून घ्या." (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात म्हणतंय कोण!)

कायद्याचं वकील बघतील. मला शब्दांचं विचारायचंय. वारस, वारसदार, उत्तराधिकारी हे तीन वेगळे आहेत का? ‘वारसदार’ बरोबर की चूक? आणि आईचं नाव ‘लागलं’ म्हणजे घर तिचं झालं का?

डोंबिवली

‘वारस’ अरबीतून आला. मूळ ‘वारिस’ म्हणजेच वारसा घेणारा माणूस. त्यामुळे त्याला पुन्हा फारसी ‘दार’ जोडणं म्हणजे टोपीवर टोपी. पण फोड ‘वारसा + दार’ अशी केली, तर जमीनदार, हिस्सेदार यांच्या रांगेत तो ठीक बसतो. मी त्याला चूक म्हणणार नाही, पण लिहिताना ‘वारस’च लिहीन. महसूल दफ्तरातही गाव नमुना सहा-क ही वारसांचीच नोंदवही आहे.

‘उत्तराधिकारी’मधला ‘उत्तर’ म्हणजे ‘नंतरचा’. उत्तरार्ध, उत्तरकार्य यांतलाच तो. बोलताना आपण हा शब्द पदासाठी किंवा गादीसाठी ठेवतो. काकांच्या डोंबिवलीतल्या वन रूम किचनला उत्तराधिकारी मिळाला, असं कोणी म्हटलं तर हसू येईल.

घणसोली

आमच्याकडे या शब्दांना ‘साडेबारा टक्के’ चिकटलेत. नवी मुंबई वसवताना सिडकोनं ज्यांची जमीन संपादित केली, त्यांना साडेबारा टक्के योजनेत त्या जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याचा भूखंड मिळतो. पण आमच्यात साडेबारा टक्के हे नामच झालंय. "त्यांचं साडेबारा टक्के आलं का?" असं सरळ विचारतात. जमीन संपादनाच्या निवाड्यात नाव आजोबांचं, आजोबा गेले, पाठोपाठ मुलगे गेले, आणि वाटप व्हायची वेळ येते तेव्हा अर्जावर सतरा सह्या. म्हणून इथे ‘वारस’ एकवचनी सहसा ऐकू येत नाही. "वारस बसलेत" म्हणतात, म्हणजे कागदावर सगळी नावं आली. कोणी राहून गेलं, तर "त्याचा वारस उठवला" म्हणतात. हे आमच्या गावात ऐकलेलं, शब्दकोशात शोधू नका.

कळवा (कोर्टाच्या आवारात तीस वर्षं टायपिंग केलंय)

‘वारस दाखला’ या एका नावाखाली लोक दोन वेगळे कागद मागतात आणि निम्मे हेलपाटे त्यामुळेच होतात. एक, वारस प्रमाणपत्र. ते १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली मिळतं. अमुक माणसं मयताची वारस आहेत, एवढंच त्यात न्यायालय मान्य करतं. दुसरं, उत्तराधिकार प्रमाणपत्र. ते १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं, मयताची येणी आणि रोखे वसूल करण्यासाठी. त्यावर विसंबून पैसे दिले की देणाऱ्याची सुटका होते, म्हणून ठेवी आणि शेअर असले की ते मागतात. तेव्हा बँकेत आधी विचारा, "यातलं कोणतं?"

मृत्युपत्र असेल तर तिसरा शब्द, प्रोबेट, म्हणजे ते मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला. मूळ लॅटिन, अर्थ ‘सिद्ध करणं’. याला सोपा मराठी शब्द रुळलाच नाही, कोर्टातले मराठी लोकही प्रोबेटच म्हणतात. गंमत म्हणजे हा शब्द मुलुंड चेकनाक्यावर, मुंबईच्या हद्दीवर संपायचा. १९२५ च्या कायद्यातल्या कलम २१३ प्रमाणे हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ अधिकारक्षेत्रापुरती, म्हणजे मुंबईपुरती होती. मुलुंडच्या फ्लॅटला प्रोबेट, ठाण्यात तीन हात नाक्याच्या फ्लॅटला नाही! मानखुर्दला हवं, खाडीपूल ओलांडून वाशीला नको. (मृत्युपत्र मुंबईत केलेलं असेल तर मात्र ठाण्याच्या घरालाही लागायचं.) डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं ते कलमच काढून टाकलं. मृत्युपत्रावर वाद उठला तर ते सिद्ध मात्र करावंच लागतं, आणि सहीला दोन साक्षीदार तेव्हाही लागत, आताही लागतात.

‘मृत्युपत्र’ अभद्र वाटतं म्हणून हल्ली ‘इच्छापत्र’ म्हणतात. माझ्या टाइपरायटरनं ‘व्यवस्थापत्र’ही भरपूर पाहिलंय, आणि मला तोच आवडतो. माणूस मरणाची नाही, मागच्यांची व्यवस्था लिहितो.

नौपाडा (मूळ प्रश्नकर्ता)

आभारी आहे, पण ‘नाव लागलं’ राहिलंच.

खारघर

क्रियापद बघा. ‘आईच्या नावावर झालं’ आणि ‘आईचं नाव लागलं’ ही दोन वाक्यं एक नाहीत. पहिल्यात वस्तू हलली, दुसऱ्यात फक्त अक्षरं. सासरचं नाव लावलं म्हणून सासरचं घर नावावर होत नाही, तसंच हे. बाबांनी आईला नॉमिनी केलं असणार. सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद. सातबाऱ्याचंही तसंच. फेरफारानं, म्हणजे महसुली नोंद बदलल्यानं, मालकी मिळत नाही, हे न्यायालयांनी कितीदा तरी सांगितलंय.

आजी आहेत का तुमच्या? बाबांचं मृत्युपत्र नसेल आणि घर स्वकष्टार्जित असेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात बायको, मुलं, मुली आणि मयताची आई, सगळे पहिल्या वर्गात आणि समान. मयताचे वडील मात्र दुसऱ्या वर्गात, म्हणजे पहिल्या वर्गात कोणी नसेल तरच. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

नौपाडा

आजी आहे, ब्याण्णव वर्षांची. मी आणि बहीण. म्हणजे चौघं, चार आणे प्रत्येकी. बहीण म्हणते, "मला नको, हक्कसोड करून देते."

खारघर

‘हक्कसोड’ हा फार सोज्वळ शब्द. पूर्वी साडीचोळी हातात ठेवून बहिणीचा अंगठा घ्यायचे, त्यालाही हक्कसोडच म्हणत. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, तेव्हा अविवाहित मुलींपुरता. सगळ्या मुलींना तो २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं मिळाला. ताई खुशीनं देत असतील तर उत्तम. फक्त ‘सोडते’ असं फोनवर म्हणून काही सुटत नाही, नोंदणीकृत दस्त करावा लागतो.

नौपाडा

काल मुरबाडचा फेरफार आला. त्यातलं एक वाक्य आईनं चष्मा लावून दोनदा वाचलं, "मयताचे नाव कमी करून वारसांची नावे दाखल केली." मग मला विचारलं, "कमी करून? दुसरा शब्द नाही का रे यांच्याकडे?"

मला सुचला नाही. कोणाला सुचतोय?

कळवा

तीस वर्षं तेच टाइप केलंय. ‘वगळून’ लिहून पाहिलं होतं एकदा, ते अजून वाईट दिसलं.