मदत हवी आहे: बुलपप रायफली मागे का पडल्या?

नमस्कार मंडळी. बुलपप म्हणजे मॅगझिन (गोळ्यांची पेटी) चापाच्या मागे असलेली रायफल. दर रविवारी दादरला मामांकडे रायफलींवरून आमचा एकच वाद असतो. मामा लष्करातून निवृत्त, त्यांनी एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) वापरलेली. ५३३ मिमी नळीची ती रायफल त्यांच्या मनातून अजून उतरत नाही. ‘नळी आखूड केली की गोळीचा वेग गेला,’ हे त्यांचं ठाम मत, आणि ५.५६ मिमी गोळीच्या बाबतीत मलाही ते पटतं. ही छोटी गोळी वेगावरच चालते. अमेरिकन एम१६ रायफलीची नळी ५०८ मिमी, तिच्या आखूड भावंडाची, एम४ ची, ३६८. एवढ्या फरकात वेग बराच उतरतो.

परवा मी ग्राफपेपरवर १:५ मापात चित्रं काढली. ब्रिटिशांची बुलपप एल८५ भरली १५७ मिमी, म्हणजे प्रत्यक्षात ७८५. तरी तिची नळी ५१८, एम१६ पेक्षाही लांब! मॅगझिन चापाच्या मागे गेलं की हे जमतं. मामा कागद बघून दोन मिनिटं गप्पच बसले.

मग फ्रान्सने २०१७ पासून आपली बुलपप फामास सोडून साधी मांडणी असलेली एचके४१६ का घेतली? मामा डावखुरे आहेत. त्यांच्या मते डाव्या खांद्यावरून झाडली तर रिकामी पुंगळी थेट गालावर येते, हेच खरं कारण. मला मात्र मॅगझिन बदलण्यातली अडचण आणि चापापासून मागच्या यंत्रणेपर्यंत जाणाऱ्या लांब दांडीमुळे जड होणारा चाप जास्त महत्त्वाचे वाटतात.

टॅव्होर (बुलपप) किंवा इन्सास (साध्या मांडणीची) प्रत्यक्ष हाताळलेलं कुणी आहे का इथे? अनुभव सविस्तर लिहा, रविवारी मामांना वाचून दाखवायचा आहे.