ख्रिस्ती रॉक म्हणजे गिटार बांधलेलं प्रवचन?

कॅसेटवेडा:
काल 'तंबोरी' यांनी लिहिलं की ख्रिस्ती रॉक म्हणजे गिटार बांधलेलं प्रवचन, आणि ते ऐकणारे संगीत ऐकतच नाहीत, स्वतःची श्रद्धा कुरवाळत बसतात. दोन ओळींत उत्तर देऊन समाधान होईना, म्हणून हा धागा.

मी पेट्रा हा अमेरिकन ख्रिस्ती रॉक बँड ऐकत मोठा झालो. चर्च सुटलं, प्रार्थना सुटली, पेट्रा काही सुटत नाही. मग मी नेमकी कुठली श्रद्धा कुरवाळतोय? त्यांचा 'बियाँड बिलीफ' (१९९०) हा अल्बम लावा. एलेफान्टे बंधूंची निर्मिती आहे. त्यातला जॉन आधी 'कॅन्सस' या बँडमध्ये गायचा, आणि कोरसमध्ये एकावर एक आवाज कसे चढवायचे हे त्याला कळतं. पेट्राच्या बॉब हार्टमनची गिटार त्यातूनही वाट काढते. ग्रॅमीही मिळालं. हो, ख्रिस्ती विभागातलं. माहीत आहे, सांगायची तसदी घेऊ नका.

कॅसेटच्या डबीतल्या कागदावर, म्हणजे इनलेवर, गाण्यांसोबत बायबलमधल्या वचनांचे संदर्भ छापलेले असत. गायलेलं धड कळायचं नाही, म्हणून मी बायबल उघडून ते शोधायचो. माझं बायबलवाचन झालं असेल तर ते एवढंच.

तंबोरी:
म्हणजे लहानपण कुरवाळताय. फरक काय पडला?

मुद्दा साधा आहे. हा सगळा धंदाच पर्यायी मालाचा. ख्रिस्ती दुकानांत तक्ते असायचे: अमुक बँड आवडतो ना, मग त्याऐवजी हा घ्या. मुलाच्या हातातली कॅसेट काढून आईबाप दुसरी द्यायचे. अशा बाजारात उत्तम वाजवायची गरजच काय? शब्द सोवळे असले की माल खपतो.

वेदीमागची:
तंबोरीदादा, आईबाप आणून द्यायचे म्हणे! आमच्या घरी ड्रम म्हणजे सैतानाचा दरवाजा. वडील पाळक. टीव्हीवरचा अमेरिकन धर्मप्रचारक जिमी स्वॅगर्ट, त्याने १९८७ मध्ये ख्रिस्ती रॉकविरुद्ध आख्खं पुस्तक लिहिलं, ते आमच्या कपाटात बायबलच्या शेजारी. पुढच्याच वर्षी स्वॅगर्टसाहेब टीव्हीवर रडत पापाची कबुली देत होते. पुस्तक मात्र कपाटातून हललं नाही.

गाणी उलटी वाजवली की सैतानाचे निरोप ऐकू येतात, हेही तिथेच शिकले. पेट्राने 'मोअर पॉवर टू या' (१९८२) मध्ये मुद्दाम उलटा निरोप टाकला होता. अर्थ असा की सैतानाला कशाला शोधताय, देवाला शोधा. वडिलांना सांगितलं. म्हणाले, उलटं बोलायची गरजच काय होती? यावर आजही माझ्याकडे उत्तर नाही.

व्होल्झपंथी:
धागा चांगला आहे, पण पेट्रा म्हणून 'बियाँड बिलीफ' पुढे करणं हाच मुळात अपमान. पेट्रा १९८५ ला संपली. गायक ग्रेग व्होल्झ बँड सोडून गेला, विषय मिटला. त्याच्या जागी आलेला जॉन श्लिट म्हणजे नुसती आरडाओरड.

कॅसेटवेडा:
आले! वाटच बघत होतो.

व्होल्झच्या शेवटी शेवटी काय उरलं होतं? 'बीट द सिस्टम' अल्बममध्ये जिकडे तिकडे सिंथेसायझर. श्लिट आला, 'बॅक टू द स्ट्रीट' (१९८६) झाला आणि गिटार परत आली. 'हेड ईस्ट' या बँडमधून कोकेनपायी हाकललेला माणूस हा. तो सुटकेबद्दल गातो तेव्हा ते इनलेवरून वाचून गात नाही.

व्होल्झपंथी:
म्हणजे गळ्याचे गुण चरित्राला? अहो, 'तंबोरी' यांचं म्हणणं तुम्हीच सिद्ध करताय! 'कॅप्चर्ड इन टाइम अँड स्पेस' हा लाइव्ह अल्बम ऐका. व्होल्झ लाइव्हमध्ये वरच्या सुरावर विनासायास जातो. श्लिटला तिथे जायला शिरा ताणाव्या लागतात.

वेदीमागची:
शिरा ताणल्याच पाहिजेत, रॉक आहे ते. व्होल्झ गोड गातो. गोड ऐकायचं तर आमच्या चर्चचा क्वायर होताच की.

व्होल्झपंथी:
ताई, तुम्हाला ड्रमच चोरून ऐकावे लागले, तुम्हाला ढणढणाटच आवडणार. राग मानू नका.

वेदीमागची:
मानला. लपवून ठेवलेली कॅसेट वडिलांना सापडली तेव्हा माझ्यासमोर फीत ओढून काढली होती त्यांनी. पार चुरगळली होती. 'ढणढणाट' म्हणण्याआधी जरा विचार करत जा.

व्होल्झपंथी:
बरं, तो शब्द मागे. श्लिटबद्दलचं मत मागे नाही.

तंबोरी:
मूळ मुद्दा कुणाला आठवतोय का? असो. 'बियाँड बिलीफ' ऐकला, सबंध. ड्रमचा आवाज घुमवून घुमवून वीट आणलाय, आणि दोन गाणी शुद्ध प्रवचन. कोरस बरे आहेत. बांधलेत व्यवस्थित. एवढ्यावर उड्या मारू नयेत.

कॅसेटवेडा:
मारत नाही. स्क्रीनशॉट मात्र घेतलाय.

व्होल्झपंथी:
व्होल्झचा 'नॉट ऑफ धिस वर्ल्ड' द्यायचा होता हो त्यांना. ऐकवून ऐकवून काय ऐकवलंत, तर श्लिट.