घोड्याचा नाल की मोठं घर? कोलंबसकरांनो, ॲन आर्बरकरांनो, खरं काय ते सांगा

पेठेतला_बकाय

नमस्कार मंडळी.

मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. गेली सतरा वर्षं कोलंबस, ओहायो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पेठांच्या सामन्यांत घसा बसवून घेतलेला माणूस मी. इथं आल्यावर पहिल्याच ऑक्टोबरात एका शनिवारी अख्खं शहर लाल कपडे घालून एकाच दिशेनं चालताना दिसलं, तेव्हा मला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. चेंडू लांबट आणि पायापेक्षा हाताचं काम जास्त, एवढाच काय तो फरक.

आता अडचण अशी, की लेकीला मिशिगन विद्यापीठात प्रवेश मिळालाय. ज्यांना यातलं गांभीर्य माहीत नाही त्यांच्यासाठी: नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी ओहायो स्टेट (आमचं कोलंबसचं विद्यापीठ) आणि मिशिगनचा अमेरिकन फुटबॉलचा सामना असतो. त्या आठवड्यात आमच्या विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरची इंग्रजी 'एम' अक्षरं लाल पट्टी लावून खोडतात. पलीकडच्यांचं नाव घ्यायची पद्धत नाही, 'ती वरच्या अंगाची टीम' म्हणायचं. आणि माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर, गडद निळ्या हुडीवर मक्याच्या कणसासारखा पिवळाधम्मक 'एम' मिरवत पोरगी बसते आणि म्हणते, "बाबा, तुमच्या स्टेडियममध्ये १,०२,७८० माणसं. आमच्यात १,०७,६०१. विषय संपला."

असा कसा संपेल? आमचं स्टेडियम १९२२ चं, त्यांचं, ज्याला 'बिग हाउस' म्हणजे मोठं घर म्हणतात ते, १९२७ चं. आमच्याला आकार आहे, घोड्याच्या नालेचा, विमानातूनसुद्धा ओळखू येतो. दर्शनी घुमट आहे, रंगीत काचा आहेत, बाजूनं ऑलेंटँजी नदी वाहते. देशाच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत नाव आहे. त्यांचं म्हणजे जमिनीत पुरलेली परात! बाहेरून बघितलं तर स्टेडियम आहे हेसुद्धा कळत नाही म्हणतात. म्हणतात असं लिहिलं, कारण खरं सांगायचं तर मी आत पाऊल टाकलेलं नाही. सतरा वर्षांत. तत्त्वाचा प्रश्न होता.

तर दोन्हीकडे बसलेल्यांनी सांगा. दिसतं कुठून चांगलं, आवाज कुठं घुमतो, थंडीत काय हाल होतात. यंदाचा सामना कोलंबसला आहे आणि त्याआधी गुरुवारी थँक्सगिव्हिंगला कन्यारत्न घरी येणार. तोवर मला चार दणकट मुद्दे हवेत.

---

टोलेडोची_सून

दादा, आम्ही बरोबर मधे राहतो. १८३५ मध्ये या दोन राज्यांनी आमच्या गावावरून फौजा उभ्या केल्या होत्या. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं आणि मिशिगनची समजूत वरचा द्वीपकल्प देऊन काढली. तेव्हापासूनचं हे भांडण, स्टेडियम वगैरे निमित्त. आमच्याकडे नवरा निळा, दीर लाल. सामन्याच्या दिवशी मी खिचडी टाकते आणि दोघांपैकी कुणालाही आग्रह करत नाही.

---

हुरॉन_काठचा

दोन्हीकडे बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो. एमएस कोलंबसला केलं, नोकरी ॲन आर्बरला, म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्यात.

आधी एक गोष्ट सांगतो, ती लेकीच्या कानावर जाऊ देऊ नका. दोन्ही स्टेडियममधला पहिला सामना एकाच छोट्या कॉलेजविरुद्ध झाला, ओहायो वेस्लियन. आणि दोन्हींच्या उद्घाटन समारंभाचा सामना झाला तो एकमेकांशी. २१ ऑक्टोबर १९२२ ला तुमच्या नव्याकोऱ्या नालेत मिशिगन १९-०. २२ ऑक्टोबर १९२७ ला मिशिगनच्या नव्या घरात मिशिगन २१-०. म्हणजे वास्तुशांत तुमची असो की आमची, जेवून तृप्त होऊन गेले ते निळेच.

आता बसण्याचं. मिशिगनला थोड्या जागा सोडल्या तर खुर्ची हा प्रकार नाही. ॲल्युमिनियमचे लांबलचक बाक आणि त्यावर आकडे. दोन रेघांमधली वीतभर जागा तुमची. सप्टेंबरात टीशर्टवर सगळे मावतात. नोव्हेंबरात प्रत्येकानं तीन थर चढवले की तीच रांग फुगते, मग टोकाचा माणूस अर्धा पायरीवर. मधे उठून कॉफी आणायला गेलात की परत येईतो तुमची जागा शेजाऱ्यांच्या कोटांनी गिळलेली असते. आई साताऱ्याहून आली होती तेव्हा हौसेनं घेऊन गेलो. त्या बाकावर टेकली आणि ताडकन उठली. "अरे, हे तर बर्फाच्या लादीवर बसवतायत!" शाल काढून चौघडी करून खाली घातली आणि पुढचे तीन तास मग मला म्हणत होती, तो पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाचा माणूस सारखा रुमाल का टाकतो. मला अजून नीट सांगता आलेलं नाही.

कोलंबसला बसायचा त्रास वेगळा. वरचा मजला खालच्या मजल्यावर पुढं आलाय, त्यामुळे मधल्या डेकच्या मागच्या रांगांत बसलात की डोक्यावर छत. पाऊस लागत नाही हे खरं, पण चेंडू उंच मारला की तो आभाळात जाऊन नाहीसा होतो. मग समोरच्या बाजूच्या लोकांची तोंडं बघायची आणि अंदाज करायचा, झेलला की सुटला. विद्यार्थीदशेत दोन वर्षं मी सामना असाच, म्हणजे समोरच्यांच्या चेहऱ्यांवरून बघितलाय.

पण आवाज! आवाजात कोलंबसचा हात धरणारा कुणी नाही, हे निळ्या शहरात राहून लिहितोय. तिथं भिंती उभ्या चढत्या आहेत, वर दुसरा मजला, त्यामुळे आवाज अंगावर येतो. २००० च्या आसपास त्यांनी मोठी दुरुस्ती काढली, मैदानाभोवतीची धावपट्टी उचलून दुसरीकडे नेली आणि मैदान साधारण १४ फूट खाली घेतलं. नदी शेजारी असताना! पाणी आत येऊ नये म्हणून जमिनीत खोल भिंत घालावी लागली. तेव्हापासून लोक मैदानाच्या आणखी जवळ आले. मिशिगनचं पसरट, एक लाख माणसं ओरडायची आणि आवाज वर निघून जायचा. लाखाची कुजबुज म्हणून टिंगल व्हायची. २०१० मध्ये दोन्ही बाजूंना विटांच्या उंच इमारती उठवल्या, २२ कोटी ६० लाख डॉलर घातले, श्रीमंतांना काचेच्या खोल्या झाल्या आणि आमचा आवाज जरा आत राहायला लागला. म्हणजे धनिकांची सोय केली आणि गरिबांचा घसा वाचला.

त्या १,०७,६०१ मधल्या शेवटच्या एकाची गंमत लेकीला विचारा. फ्रिट्झ क्रायस्लर म्हणून जुने कोच आणि क्रीडासंचालक होते, त्यांच्या मानाची ती एक जागा. कुठली ते कुणालाच ठाऊक नाही. १९५६ मध्ये क्षमता १,०१,००१ झाली तेव्हापासून आकड्याच्या शेवटी तो एक येतो. आपल्याकडे आहेराच्या पाकिटात वरचा रुपया असतो ना, तसा.

माझा निकाल मागाल तर बघायला मिशिगन, ऐकायला कोलंबस.

---

पेठेतला_बकाय

@हुरॉन_काठचा, मी तुमच्याकडे तलवार मागितली, तुम्ही माझ्याच पायावर धोंडा टाकलात. १९-० हे मला खरंच माहीत नव्हतं.

---

निटनीचा_वारकरी

दोघांच्या भांडणात पेन स्टेट विद्यापीठाला विसरू नका. आमचंही लाखावरचं. दिसायला गंजक्या पुलासारखं आहे, कबूल. पण तुमची स्टेडियमं जिथं बांधली तिथंच बसली, आमचं चालून आलंय! १९५९ चा हंगाम संपल्यावर जुनं लोखंडी स्टेडियम तुकड्यातुकड्यांत खोललं, मैलभर लांब नेलं, पुन्हा जोडलं आणि १९६० ला त्यात सामने सुरू. रात्रीच्या सामन्याला सगळे पांढरे कपडे घालून येतात तो एकदा बघा. वारीत उभं राहिल्यासारखं वाटतं. फक्त टाळ नाहीत आणि भाषा जरा वेगळी असते.

---

चर्चगेट_स्लो

एक शंका. कॉलेजच्या पोरांच्या खेळाला लाखाचं स्टेडियम? आमच्या कॉलेजच्या मैदानात गोलपोस्ट म्हणून दप्तरं ठेवायचो.

बाकी मानापमानावरून स्टेडियम बांधायचं म्हणाल तर आम्ही कमी नाही. ब्रेबॉर्न १९३७ चं, छान हिरवळ, क्लबहाउस, सगळं असताना तिकिटांच्या वाटपावरून क्लब आणि असोसिएशनचं बिनसलं आणि हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं. जानेवारी १९७५ ला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटीसुद्धा झाली. माझे मामा अजून म्हणतात, क्रिकेट ब्रेबॉर्नला बघायचं आणि वानखेडेला घाम गाळायचा.

---

पेठेतला_बकाय

@चर्चगेट_स्लो, कोलंबसला काय किंवा ॲन आर्बरला काय, एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक स्पर्धेतला संघच नाही. शनिवार हा या पोरांचाच. आजोबा, बाप, नात एकाच रांगेत बसतात, तिकिटं मृत्युपत्रावरून भांडण होईल इतकी जपतात. आपल्या पेठांत आजोबा ज्या तालमीचे तिचेच आपण, तसंच ते.

---

पेठेतला_बकाय

(तीन आठवड्यांनी)

मंडळी, धागा वर काढतोय. जाऊन आलो.

लेकीनं तिकिटं काढली, मला आणि सौ.ना, ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारची. स्वतः विद्यार्थ्यांच्या घोळक्यात बसणार होती. अट एकच, लाल घालायचं नाही. मी करडा स्वेटर घातला. करडा हा आमचाच दुसरा रंग आहे, पण ते तिच्या लक्षात आलं नाही.

तीन तास गाडी हाकली, जवळच्या हायस्कूलच्या मैदानात पार्किंगला जे पैसे मोजले त्यात कोल्हापुरात घरच्यांचं दोन वेळचं तांबडा-पांढरा झाला असता. चालत निघालो. समोर विटांची भिंत आणि त्या दोन नव्या इमारती. त्या सोडल्या तर खरंच काही नाही, म्हटलं बघा, आपण बोललो तेच. दारातून आत गेलो, बोळकांडीतून चार पावलं टाकली आणि समोरची जमीनच खाली गेली. आपण रस्त्याच्या पातळीवर उभे आणि रांगा पायाखालून उतरत उतरत पार तळाला, तिथं हिरवा चौकोन. खोदताना जमिनीतल्या झऱ्यांनी चिखल झाला आणि एक क्रेन त्यात रुतली, ती अजून खालीच आहे, अशी दंतकथा सौ.ना शेजारच्या आजींनी लगेच ऐकवली.

मी मात्र तिथं नव्हतोच. मी खासबागेत होतो.

कोल्हापूरकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: शाहू महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले, वाटेत रोमचं जुनं प्रेक्षागार बघितलं आणि कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधून घेतलं, १९१२ ला. बाकं नाहीत, मजले नाहीत. मधे लाल मातीचा हौद आणि चारी बाजूंनी त्याच्याकडे उतरत येणारी जमीन. वडील मला पार मागं, वर घेऊन बसायचे, आणि तिथूनसुद्धा पैलवानानं मांडीवर थाप मारली की उडालेली माती दिसायची. पुढच्याचं डोकं कधी आड आलं नाही. स्टेडियम बरं की वाईट हे मी आयुष्यभर त्या एका मापानं मोजत आलो, आणि ते माप माझ्या घोड्याच्या नालेला कधी लावायचं धाडसच केलं नव्हतं.

६८ व्या रांगेत बसलो होतो. चेंडू हरवला नाही. एकदाही.

आवाज आमच्याकडे जास्त, यावर मी ठाम आहे. बाक बर्फ होता, तेही खरं. दुसऱ्या सत्रात शेजारच्या आजींचा कोट माझ्या मांडीवर आला होता.

परतताना लेकीला खासबागेचं सांगितलं ती चूक झाली. "म्हणजे रोमवरून महाराजांनी घेतलं आणि ते आमच्यासारखं निघालं!" मी म्हटलं, रोम आमच्याकडेपण आहे, आमचा दर्शनी घुमट रोमच्या पँथिऑनवरून केलाय. तिनं फोन काढला, दोन मिनिटं काहीतरी शोधलं आणि त्याच घुमटाच्या आतल्या बाजूचा फोटो माझ्यापुढं धरला. निळ्या छतावर पिवळी फुलं. सतरा वर्षं त्याखालून आत जातोय, मान वर करून बघितलं नव्हतं. म्हणे १९२२ ची पैज हरल्यामुळे तुम्हाला आमचे रंग लावावे लागले. ही लोणकढी आहे, घुमट सामन्याच्या आधीच बांधून झाला होता, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगणार होतो, पण सौ. हसत होत्या.

जाता जाता: कान फार गारठले होते म्हणून सामन्याआधी रस्त्यावर एक कानटोपी घ्यावी लागली. एकाच रंगाच्या होत्या. ती गाडीच्या डिकीत स्पेअर टायरखाली आहे, घरात आणलेली नाही. टोलेडोच्या वहिनी, ही गोष्ट आपल्यातच ठेवा.